काँग म्हणजे माकड, वानर की आणखी काही? (मराठी वाटाड्याच्या मसुद्यावर चर्चा)

मजगावचा बॅरल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी पोरांसाठी निन्टेन्डोच्या डाँकी काँग या व्हिडिओ गेम मालिकेचा वाटाड्या, म्हणजे कसं खेळायचं ते सांगणारं पुस्तक, मराठीत तयार होतोय. मसुदा सगळ्यांकडे पोचलाय. त्यात 'काँग' या शब्दाच्या जागी सरसकट 'माकड' घातलंय, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे.

मराठीत माकड म्हटलं की माकडचाळे आठवतात, माकडाच्या हातातलं कोलीत आठवतं. या खेळांतले काँग तसे आहेत का? १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीत फंकी विमान वापरायला देतो, कँडी खेळ जतन करून देते, क्रँकी खोपटात बसून युक्त्या सांगतो. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात रिंकली आजी चक्क शाळा चालवते आणि स्वँकी प्रश्नमंजूषा घेतो. शाळा, बाजार, विमान असलेला हा समाज आहे.

आपल्या भाषेत अशा समाजाला शब्द तयार आहे: वानर. वाली-सुग्रीवाचं राज्य, नलाने बांधलेला सेतू, मंत्री, सेनापती. किष्किंधा म्हणून जी जागा दाखवतात ती आनेगुंदी आपल्याच राज्यात, हंपीच्या पलीकडच्या काठावर आहे. सीमाभागातल्या पोराला वानर म्हणजे बुद्धिमान जमात हे कुणी समजावून सांगायला नको. म्हणून काँगला वानर, आणि त्यांच्या शत्रूंना, मगरींसारख्या क्रेमलिंगांना, मगरसेना.

खानापूर रान

अण्णा, माकड नको हे मान्य. पण वानर? खानापूर तालुक्यात वानर म्हणजे काळतोंड्या. अंगापेक्षा लांब शेपूट, पाला खाणारा, कौलांवरून उड्या टाकत जाणारा. माकड म्हणजे लाल-तपकिरी तोंडाचा, गालात खाऊ साठवणारा. भीमगडच्या रानालगतच्या गावात दोघांत कुणी गफलत करत नाही. कन्नडातसुद्धा मंग वेगळा आणि मुसुव वेगळा. आता डाँकीकडे बघा: त्याला शेपूटच नाही. तो गोरिला, लँकी ओरांगउटान, चंकी पुन्हा गोरिला. शेपूट आहे ती डिडीला आणि डिक्सीला. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं की वाटाड्या खेळाच्याच विरुद्ध जातो, कारण या मालिकेत कुणाचं अंग कसं आहे त्यावर चाल ठरते.

मसुद्याच्या पहिल्याच प्रकरणात ही चूक झालीय. "माकडाने डोक्यावर उडी मारली की क्रशा मरतो." कुठल्या माकडाने? कंट्रीत डाँकी आणि डिडी जोडीने फिरतात, पुढे एकच असतो. क्रशा म्हणजे दंड फुगवून चालणारा निळा क्रेमलिंग. डाँकी वजनदार, त्याच्या उडीने क्रशा चीत होतो. डिडी हलका, तो आपटून उलटा उडतो आणि क्रशा खदाखदा हसतो. राखाडी क्रशा तर दोघांच्याही उडीला दाद देत नाही, त्याला पिंपच फेकून मारावं लागतं. पोराने डिडी पुढे असताना हे वाक्य वाचून उडी मारली तर पुढं काय होणार?

पिंप उचलण्याचंही तेच. डाँकी पिंप डोक्यावर धरतो, डिडी छातीसमोर. त्यामुळे डिडीने पिंप धरून सरळ चालत गेलं की समोरून येणारा शत्रू पिंपावरच आपटतो. डाँकीला ती ढाल मिळत नाही, त्याला वेळ साधून फेकावंच लागतं. जमीन थोपटून लपलेली केळी बाहेर काढायची तर मात्र डाँकीच हवा.

माझं म्हणणं: बिनशेपटीच्यांना कपी, शेपटीवाल्यांना माकड. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत गोरिला, चिंपांझीसाठी कपी हा शब्द आहेच.

निपाणी ६४

दोघांचंही पटलं नाही. काँग हा शब्द जसाच्या तसा ठेवा.

शेपटीवरून भाग पाडणार असाल तर डिडी आणि डिक्सी एका खान्यात येतात. पण दुसऱ्या भागात त्यांचा खेळ एकसारखा आहे का? डिडी कोलांटी घेत वेगाने जातो. डिक्सी हवेत असताना वाय बटण दाबून धरलं की वेणी गरगर फिरवत हळूहळू खाली उतरते. रुंद दरी, काटेरी झुडपं, अवघड टप्पा असला की तिलाच पुढे ठेवायचं. फरक वेणीने पडतो, शेपटीने नाही. म्हणजे "कपी इकडे, माकड तिकडे" ही वाटणी खेळाला लागूच पडत नाही.

आणि काँग हे एका घराण्याचं आडनाव आहे असं मसुद्याच्या प्रस्तावनेत लिहिलंय, तेही काढा. १९८१ च्या मूळ आर्केड खेळापासून काँग या शब्दाला थोराड कपी असाच अर्थ होता. युनिव्हर्सल स्टुडिओने या नावावरून निन्टेन्डोला कोर्टात खेचलं आणि निन्टेन्डो जिंकली. पुढे डिक्सी आणि टायनी बहिणी, चंकी हा किडीचा थोरला भाऊ अशी नाती जोडली गेली, पण लँकीचं नातं दूरचंच राहिलं. २०२५ च्या डाँकी काँग बनान्झामध्ये तर खलनायकच व्हॉइड काँग, त्याच्या जोडीला ग्रंपी काँग आणि पॉपी काँग. ते काय डाँकीचे चुलते? गावातले सगळे बेळगावकर, म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद होत नाहीत. काँग हे तसं आहे: जमातीचं नाव.

मजगावचा बॅरल

जमात आहे हे तर मीच म्हणत होतो! आडनावाची चूक दाखवलीत ते बरं झालं, प्रस्तावना बदलतो. पण काँग शब्द नुसता ठेवला तर दहा वर्षांच्या पोराला त्यातून काय कळणार? ते एक परकं नाव होऊन बसतं. वानर म्हटल्याबरोबर चित्र उभं राहतं. रामायणातल्या वानरांतही सगळे एका मापाचे नव्हते. नल बांधकामाचा जाणकार, हनुमान उड्डाणाचा. अंगात फरक असूनही जमात एकच. खानापूरकर रानातलं वानर सांगूलालात, मी गोष्टीतलं सांगतोय, आणि खेळ ही गोष्टच आहे.

खानापूर रान

गोष्ट आहे, पण ती अंगठ्याने खेळायची गोष्ट आहे. १९९९ चा डाँकी काँग ६४ बघा. पाच काँग आणि प्रत्येकाचं अंग वेगळं कामाला येतं. लँकी हातांवर उलटा उभा राहून निसरडा चढ चढतो, कारण ओरांगउटानचे हात लांब. टायनीची वेणी तिला हवेत तरंगत नेते. चंकी जड शिळा उचलतो. त्या खेळाने माझी बाजू सिद्ध केलीय.

चिकोडी बोंगो

ताई, इथं मला बोलायलाच पाहिजे. डाँकी काँग ६४ ने तुमची बाजू सिद्ध केलेली नाही, त्या खेळाने तीच गोष्ट बिघडवली.

हिशोब मांडते. मुख्य टप्पे सात. प्रत्येक टप्प्यात प्रत्येक काँगच्या रंगाची १०० केळी: डाँकीची पिवळी, डिडीची लाल, लँकीची निळी, टायनीची जांभळी, चंकीची हिरवी. टप्प्याला ५००, सगळी मिळून ३५००. आता सांगा, सपाट वाटेवर पडलेलं हिरवं केळं डाँकीला उचलता का येऊ नये? त्याचे हात आखूड आहेत का? तिथं अंगाचा काही संबंध नाही, नुसता रंग आडवा येतो. दुसरा काँग घ्यायचा तर टॅग बॅरलपर्यंत मागे जा, बदला, परत या. एकाच खोलीत पाच फेऱ्या. खेळणारा कंटाळतो तो यामुळे. लोक म्हणतात वस्तू फार आहेत. मला वाटतं खरी अडचण बदलण्यात आहे. चाहत्यांनी केलेल्या रँडमायझरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या जागा उलटसुलट करणाऱ्या आवृत्तीत, कुठेही उभं राहून काँग बदलायची सोय आहे, आणि तेवढ्या एका बदलाने तोच खेळ सुटसुटीत होतो.

लँकीचा चढ ठीक, ती अंगाची गोष्ट. पण टायनी लहान होते ती पिंपात शिरून, चंकी अवाढव्य होतो तोही पिंपात शिरून, आणि ही विद्या क्रँकीकडून नाणी मोजून घेतलेल्या काढ्याने येते. ती काढ्याची करामत, जातीचा गुण नव्हे.

मसुद्यात "सगळी केळी गोळा करा" लिहिलंय ते काढून हे घाला.

एका रंगाची ७५ झाली की त्या काँगचं पदक मिळतं. ७५ नंतर त्या टप्प्यात शोधत बसू नका. फक्त सातव्या टप्प्यात, क्रीपी कॅसलमध्ये, जपा. तिथलं शेवटच्या राक्षसाचं दार उघडायला एकूण ४०० लागतात आणि पाच जणांची पंचाहत्तर म्हणजे ३७५ च होतात. वरची २५ जो काँग हाताशी असेल त्याच्या रंगाची उचला.

सोनेरी केळी २०१ आहेत, पण हाइडआउट हेल्म या अगदी शेवटच्या जागेचं दार १०० वर उघडतं. पहिल्या खेळीत १०० च्या पुढे धावायची गरज नाही.

पोरं अडकतात ती मात्र दुसरीकडेच. हेल्ममधली शेवटची किल्ली दोन नाण्यांशिवाय मिळत नाही. एक नाणं क्रँकीकडे: १५ पदकं जमली की तो जेटपॅक हा जुना खेळ खेळू देतो, त्यात ५००० गुण करायचे. दुसरं फ्रँटिक फॅक्टरी या टप्प्यात: तिथं १९८१ चा मूळ डाँकी काँग ठेवलाय, तो दोनदा जिंकावा लागतो. पहिल्या वेळी सोनेरी केळं, दुसऱ्या वेळी नाणं. एकदा जिंकून "झालं" म्हणून निघून जायचं, मग शेवटाला येऊन पुन्हा फॅक्टरीत परतायचं, असं घडतं. ही ओळ ठळक छापा.

आणि मूळ निन्टेन्डो ६४ यंत्रावर खेळणाऱ्यांसाठी: एक्सपान्शन पॅक, म्हणजे जादा ४ एमबी मेमरी, बसवल्याशिवाय हा खेळ चालत नाही. एम्युलेटरवरही (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) ती मेमरी चालू आहे का ते आधी बघा.

खानापूर रान

रंगाची अट अंगाशी जुळत नाही, बरोबर. ६४ चा दाखला मी मागे घेते. पण मग २०१४ चा ट्रॉपिकल फ्रीझ घ्या, तिथं हे नीट जमलंय. डाँकीच्या पाठीवर कोण बसलंय त्यावर उडी बदलते. डिडीचं रॉकेट पिंप थोडा वेळ आडवं तरंगवतं, म्हणून हलत्या फळ्यांवर तो बरा. डिक्सीची वेणी शेवटी जरा वर उचलते, म्हणून काठ हुकला तरी हात पोचतो. नवख्याने तीच घ्यावी. क्रँकी काठीवर टणाटण उडतो, काट्यांवरूनसुद्धा, पण त्याला तरंगता येत नाही, रुंद दरीत तो घात करतो. २०१८ च्या स्विच आवृत्तीत डाँकीऐवजी फंकीला घेतलं तर सर्फबोर्डमुळे काटे सोसतात आणि हवेत दुसरी उडीही मिळते. फंकी सोडला तर डाँकी तोच, साथीदार बदलला की खेळ बदलला.

निपाणी ६४

यात शेपटीचं नाव तरी आलं का? रॉकेट, वेणी, काठी, सर्फबोर्ड. तुमच्याच यादीने कपी-माकड वाटणी मोडली. वाटाड्यात जातीचं नाव एकदाच सांगायचं, पुढे प्रत्येक ओळीत ज्याचं काम त्याचं नाव लिहायचं. माझं वाक्य असं: "काँग ही बुद्धिमान कपींची जमात; काहींना शेपूट असते, काहींना नसते." झालं.

मजगावचा बॅरल

कपी चालेल. हनुमानालाही कपी म्हणतातच, हनुमान चालिसा पाठ असलेल्या घरात तो शब्द परका नाही. पण शीर्षकात 'वानरांचं बेट' मी सोडणार नाही, मुखपृष्ठ बघून पोर हातात घेतं.

खानापूर रान

मुखपृष्ठावर डाँकी काढणार आणि वर वानर लिहिणार, तर आमच्याकडचं पोर पहिला प्रश्न विचारणार: ह्याची शेपूट कुठाय? माझा विरोध नोंदवून ठेवा.

चिकोडी बोंगो

शीर्षकाचं नंतर बघा की. छपाईला जायच्या आधी क्रशाची ओळ बदला: "निळा क्रशा: डाँकी पुढे घ्या, डोक्यावर उडी. डिडी एकटाच उरला असेल तर उडी मारू नका, पिंप शोधा. राखाडी क्रशा: कुणीही असो, पिंपच."

मजगावचा बॅरल

बदलली. दोन नाण्यांची ओळही ठळक केली.