बिडाच्या कास्टिंगची कड कडक येते, सिलिकॉन वाढवून मागू का?

लेथवाला_शिरोली
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशिनशॉप आहे. ग्रे आयर्नचं, म्हणजे करड्या बिडाचं (ओतीव लोखंडाचं) एक कव्हर येतं, फ्लँजची कड ५ मिमी. मधला भाग लोण्यासारखा कापला जातो, पण कडेला टूल लागलं की इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याची) धार गेलीच. फाउंड्रीवाले रिपोर्ट दाखवतात : कार्बन ३.३ टक्के, सिलिकॉन १.९ टक्के, ‘रेंजमध्ये आहे’. सिलिकॉन वाढवून मागावं का? मुळात ते बिडात करतं काय?

भट्टीकाका
तुमची कड ‘चिल’ झाली आहे, म्हणजे झपाट्याने गोठून पांढरी आणि कडक झाली आहे. एक कव्हर फोडा आणि तुटलेली बाजू बघा. कडेला पांढरी चकाकी आणि आत करडा रंग दिसला तर दुसरं कारण शोधायला नको.

बिडातला कार्बन दोन रूपांत राहतो. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत सुटा झाला तर बीड मऊ, मशिनिंगला सोपं. लोखंडाशी बांधला गेला तर सिमेंटाइट होतं, आणि त्यावर कार्बाइड इन्सर्टसुद्धा टिकत नाही. सिलिकॉन स्वतः लोखंडात विरघळतं आणि कार्बनला ग्रॅफाइट होऊन बाहेर पडायला लावतं. पण पातळ कड झपाट्याने गोठते, तेवढ्यात ते घडायला वेळ मिळत नाही.

रस ग्रॅफाइटकडे किती झुकेल याचा आमचा हिशोब असा : कार्बन अधिक सिलिकॉनचा तिसरा हिस्सा (फॉस्फरस असेल तर त्याचाही). तुमचा येतो ३.९ च्या आसपास. ५ मिमीला मी ४.२ च्या खाली जाऊ देणार नाही. तरीही नुसतं ‘सिलिकॉन वाढवा’ म्हणू नका. जास्त झालं की जाड भागाची ताकद उतरते.

खरी गोम पुढेच आहे. सिलिकॉन किती आहे, याइतकंच ते कधी पडलं यालाही महत्त्व आहे. चार्जबरोबर, म्हणजे कच्च्या मालासोबत, भट्टीत गेलेलं १.९ आणि त्यातलं ०.२–०.३ टक्के शेवटी लेडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) फेरोसिलिकॉनच्या दाण्यांच्या रूपात टाकलेलं १.९, रिपोर्टवर दोन्ही सारखंच दिसतं. कास्टिंग मात्र वेगळं निघतं. शेवटच्या दाण्यांमुळे रसात ग्रॅफाइट उगवायला असंख्य जागा तयार होतात. याला इनॉक्युलेशन म्हणतात. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत उतरायला लागतो, म्हणून लेडल भरून गप्पा मारत बसलात तर टाकलेलं वाया जातं.

आणि रिपोर्टसाठी स्पेक्ट्रोवर (घटक मोजणाऱ्या यंत्रावर) लावलेला नमुना मुद्दाम पटकन गोठवून पांढराच केलेला असतो. त्यावरून घटक कळतात, तुमच्या कडेत काय झालंय ते कळत नाही. फाउंड्रीकडे वेज टेस्ट मागा. पाचरीसारखा तुकडा ओतून फोडायचा आणि टोकाचा पांढरा पट्टा किती रुंद आहे ते मोजायचं. प्रत्येक हीटला (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीला), ओतण्याआधी.

वाळूलॅब
काकांशी सहमत. तरी आधी कड नीट साफ आहे ना ते पाहा. आपल्याकडे फाउंड्रीत कणकवलीकडची, कासार्ड्याची सिलिका वाळू येते. तिचा दाणा क्वार्ट्झचा, काठिण्य ७. तो कडेला भाजून चिकटला तर तोही धार खातो. ग्राइंडरने घासणार असाल तर धूळ ओढून घेणारी सोय आणि चांगला मास्क हवाच. ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. इथे हयगय नको.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष
काका, चिपमध्ये हेच सिलिकॉन असतं का?

भट्टीकाका
मूलद्रव्य तेच, अणुक्रमांक १४. आपण लेडलमध्ये टाकतो ते फेरोसिलिकॉन म्हणजे साधारण ७५ टक्के सिलिकॉन, बाकी बहुतेक लोखंड. चिपचं ९९.९९९९९९९ टक्के शुद्ध. पण गंमत बघ बाळा, तिथेही किंचित बोरॉन किंवा फॉस्फरस मिसळल्याशिवाय काम होत नाही. आणि आपल्या दाण्यांत थोडं कॅल्शियम, अॅल्युमिनियम नसेल तर अगदी स्वच्छ फेरोसिलिकॉनही चिल फारसं कमी करत नाही. खरेदी करताना फक्त ७५ हा आकडा पाहू नये तो याचसाठी.

लेथवाला_शिरोली
काका, एक फोडून बघितलं. कड पांढरी, आत करडं. वाळू चिकटलेली नव्हती. शंभरेक नग पडून आहेत, त्यांचं काय करू?

भट्टीकाका
९०० अंशांच्या वर काही तास ठेवून सावकाश थंड केले तर सिमेंटाइट फुटून ग्रॅफाइट होईल आणि टूल चालेल. पण ताकद कमी होईल. हे नुसतं कव्हर आहे म्हणून सांगतो, दाब झेलणारा भाग असता तर सरळ परत पाठवा म्हटलं असतं. गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घ्या, दोन नग करून बघा, मग बाकीचे भट्टीत घाला.