पित्त उठणे, गांधी, शीतपित्त : नेमका शब्द कोणता?

नेरूळहून :

सासूबाईंच्या अंगावर गणपतीच्या आधीपासून गांध्या उठतात. दंडावरच्या तासाभरात बसतात, तर मांडीवर नव्या येतात. त्या म्हणतात, "पित्त उठलंय." घरातल्यांनी त्यावर पित्ताची म्हणून ॲसिडिटीची गोळी सुरू केली. त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मात्र 'क्रॉनिक अर्टिकेरिया' आहे. याला मराठीत नेमका शब्द आहे का? आणि 'पित्त' म्हणणं चूक का?

नौपाड्याहून :

ताई, सासूबाईंचं मुळीच चुकलेलं नाही. मी ठाण्यात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. "पित्ताची गोळी द्या" हे दिवसभर कानावर पडतं आणि प्रत्येक वेळी मी विचारते, "पोटातलं की अंगावरचं?" नाम एकच असलं तरी आपलं क्रियापद फरक करतं. पित्त होतं, वाढतं, चढतं ते पोटातलं : छातीत जळजळ, आंबट ढेकर. पित्त पडतं ते उलटीतून. पित्त खवळतं ते रागाने. पण पित्त 'उठतं' ते फक्त कातडीवर. सासूबाईंनी 'उठलंय' म्हटलं तेव्हाच निम्मं निदान सांगून झालं होतं. घरातल्यांनी फक्त 'पित्त' तेवढं ऐकलं.

यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचा या गांध्यांशी संबंध नाही. कातडीतल्या मास्ट पेशी (शरीराच्या प्रतिकारपेशींचा एक प्रकार) हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि तेवढा भाग फुगतो. जठरात आम्ल सुटायलाही हिस्टामिनच लागतं, पण तिथे ते एच-२ ग्राहीवर (पेशीवरच्या रिसेप्टरवर) काम करतं आणि कातडीत मुख्यतः एच-१ वर. म्हणून गांध्यांना लागते ती एच-१ अडवणारी, सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनच्या जातीची गोळी. पँटोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी घेऊन गांधी बसली असं कुणी सांगितलं, तर ती आपली आपणच बसलेली असते.

शब्द विचाराल तर माझं मत 'गांधी'ला. ढेकूण चावल्यावर उठते तीच : उंचवटा असलेली, मधे फिकट, कडेला लाल, आत पाणी नाही, बोटाने दाबलं की लाली पुसली जाते. पुरळ बारीक असतं आणि काही दिवस राहतं, फोडात पाणी किंवा पू असतो, नायट्याला कड आणि कोंडा असतो. 'चट्टा' तर कोडापासून भाजल्यापर्यंत कशालाही चालतो, म्हणून फोनवर "चट्टे आलेत" एवढ्याने काहीच कळत नाही.

गांधीची मुख्य खूण म्हणजे ती टिकत नाही. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा, शेजारी वेळ लिहा. चोवीस तासांच्या आत त्या गोलातली कातडी पूर्ववत झाली पाहिजे, मग बाहेर दहा नव्या उठोत. गोलातली तशीच राहिली, खाजेपेक्षा दुखते जास्त, जाताना काळानिळा डाग सोडते, तर ते रक्तवाहिन्यांच्या दाहाचं लक्षण असू शकतं. त्याला अर्टिकेरियल व्हॅस्क्युलायटिस म्हणतात आणि ठरवायला कातडीचा तुकडा तपासावा लागतो. तेव्हा "पित्तच आहे" म्हणत घरी बसू नये.

'क्रॉनिक'चं भाषांतर लोक 'जुनाट' करतात, मला ते पटत नाही. जुनाट म्हटलं की वर्षानुवर्षांचं, हट्टी, बरं न होणारं असं वाटून माणूस खचतो. इथे अर्थ एवढाच की सहा आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवशी गांध्या येताहेत. त्याआधी थांबलं तर ते 'अक्यूट', म्हणजे तात्पुरतं. 'दीर्घकालीन' हा शब्द बरा.

ऐरोलीहून :

आमचे वडील 'शीतपित्त' म्हणायचे आणि आमसुलाचा कोळ लावायचे. मग तोच शब्द वापरून मोकळं का होऊ नये?

नौपाड्याहून :

दादा, शब्द भारदस्त आहे आणि जुनाही. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्त आणि त्याच्यासारखेच अंगावर उठणारे उदर्द आणि कोठ एकत्र सांगितलेत. गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात बिघडतात, पित्ताला मिळतात आणि 'वरटीदष्ट' सूज येते असं तिथे म्हटलंय. वरटी म्हणजे गांधीलमाशी. इतक्या शतकांपूर्वी केलेलं हे वर्णन आजही चपखल बसतं, याचं मला फार अप्रूप आहे.

अडचण अशी की आजच्या वर्गीकरणात गारव्याने उठणारी गांधी हा एक वेगळा पोटप्रकार आहे. जानेवारीत पहाटेच्या लोकलला दारात उभं राहून वाशीचा खाडीपूल ओलांडला की ज्याच्या गालांवर गांध्या येतात, तो त्यातला. डॉक्टर पातळ पिशवीतला बर्फ हातावर पाच मिनिटं ठेवतात आणि काढल्यावर दहा मिनिटांनी बघतात. ही माणसं गार पाण्यात एकदम उतरली तर सगळ्या अंगाची प्रतिक्रिया येऊन भोवळ येऊ शकते. पावसाळ्यात धबधब्याला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सरसकट सगळ्यांना 'शीतपित्त' म्हटलं तर हा महत्त्वाचा फरक पुसला जातो.

निमित्ताने उठणारे बाकीचे प्रकारही आहेत. नखाने रेघ ओढली की तिथेच रेघ फुगते. घाम आला की टाचणीच्या टोकाएवढ्या गांध्या येतात, त्यांना लोक घामोळं समजतात. जड सॅकचा पट्टा खांद्यावर रुतला की काही तासांनी, घरी पोचल्यावर सूज येते, त्यामुळे पट्ट्यावर कुणाचा संशयच जात नाही. निमित्त सापडत नाही ते 'आपोआप उठणारं'. सासूबाईंचं बहुधा त्यातलं असावं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आमसुलाने गार वाटतं, हरकत नाही. गांधी मात्र तसंही काही तासांत बसणारच असते.

आता 'सूज'. ओठ, पापणी, जीभ फुगली तर ते खोलवरचं, अँजिओएडिमा. ते उतरायला तीन दिवसही लागतात. गांधी एकही नाही आणि नुसते ओठ सुजताहेत, तर रक्तदाबाची गोळी बघा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी असं होतं, सुरू करून बराच काळ झाला असला तरी. आणि आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर शब्दांचा खल नको, सरळ १०८ ला फोन.

नेरूळहून :

फार उपयोग झाला. शेजारी म्हणतात ही ॲलर्जी आहे, रक्ताची मोठी ॲलर्जी तपासणी करून घ्या.

नौपाड्याहून :

'ॲलर्जी' हा शब्दही तितकाच सैल झालाय, ताई. कोळंबी खाल्ली आणि तासाभरात गांध्या उठल्या, तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. (उन्हात राहिलेला बांगडा बाधतो तो मात्र वेगळा. त्यात जंतूंनी हिस्टामिनच तयार केलेलं असतं आणि शिजवूनही ते जात नाही.) महिनोन्‌महिने आपोआप उठणाऱ्या गांध्यांत मात्र अन्नाची ॲलर्जी क्वचितच निघते. बऱ्याच जणांत शरीराची स्वतःची प्रतिपिंडंच (अँटिबॉडीज) मास्ट पेशींना चेतवतात. म्हणून सरसकट मोठं पॅनेल करायची शिफारस नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), तज्ज्ञांना वाटलं तर एकूण आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडं) आणि थायरॉइडची अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं), एवढं पुरतं. मोठ्या पॅनेलमध्ये काहीतरी थोडंफार वाढलेलं निघतंच आणि मग सासूबाईंचं दूध, वांगी, शेंगदाणे उगाच बंद होतात. त्यापेक्षा रोज रात्री दोन आकडे लिहा : दिवसभरातल्या गांध्यांना शून्य ते तीन, खाजेला शून्य ते तीन. सात दिवसांची बेरीज जास्तीत जास्त ४२ होते. तो कागद आणि गांध्यांचे मोबाइलवरचे फोटो पुढच्या भेटीला न्या, कारण डॉक्टरांसमोर बसेपर्यंत अंगावर एकही गांधी नसण्याची शक्यता बरीच असते.