जुनी मारुती ८०० : गरम झाली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो, काय तपासावं?

जुनीगाडी९७ :
१९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रेंगाळत फिरतो, पण गाडी सुरू होते. पाऊण तास चालवून बंद केली की किल्ली फिरवल्यावर फक्त ‘टक्’. दुसऱ्या गिअरात धक्का मारला की लगेच सुरू. बॅटरी दोन वर्षांची. नवा सेल्फ बसवा असा सल्ला मिळालाय. आधी काय बघू?

पानापक्कड :
धक्क्यावर सुरू होते ना, मग प्लग, कॉइल, पेट्रोल यांना हात लावू नका. दोष बॅटरी ते सेल्फ या वाटेवरच आहे. सेल्फ उतरवण्याआधी साधा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) आणा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) मधली वायर काढून बॉडीला पक्की टेकवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आता कुणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर आधी चार्ज करून पुन्हा बघा. तरीही तेच आलं तर बॅटरी संपली. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबा, सेल्फ तापतो.

मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतची जोडणी, आणि हे सगळ्यात जास्त वेळा निघतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर (क्लॅम्पवर नाही, शिशावरच), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तिथेच करंट अडतोय. प्लस खुंट ते सोलेनॉइडचा (सेल्फवरचा विजेच्या चुंबकाचा स्विच) जाड बोल्ट असंही मोजा, तिथे ०.५ पर्यंत चालतं.

तारतंत्र :
गरम असतानाच्या ‘टक्’साठी सोलेनॉइडला किल्लीकडून येणाऱ्या बारीक वायरवरचे व्होल्ट मोजा, किल्ली स्टार्टवर धरून. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनाशेजारी सोलेनॉइड ६० अंशांनी तापला की रोध जवळपास पाव पट वाढला, करंट घटला आणि ओढही कमी झाली. त्यात इग्निशन स्विचचे (किल्लीमागचा स्विच) पॉइंट झिजलेले असले की सोलेनॉइडमधला लोखंडी दांडा (प्लंजर) हलतो, ‘टक्’ होतो, पण आतली कॉन्टॅक्ट चकती नीट टेकत नाही.

जुनीगाडी९७ :
मोजलं. बॅटरी १२.५, सेल्फ मारताना १०.४. अर्थिंगला १.१! गरम असताना बारीक वायरवर ८.९, त्याच वेळी बॅटरी १२.२.

पानापक्कड :
म्हणजे दोन वेगळे दोष आहेत. सकाळचं रेंगाळणं अर्थिंगमुळे. मायनस क्लॅम्प काढून आत बघा. काळपट, मळकट थर दिसेल. खुंट आणि क्लॅम्प दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा. गिअरबॉक्स ते बॉडी पट्टीचे बोल्ट सोडवून रंग-गंज खरवडा. पट्टीच्या तारा हिरव्या पडल्या असतील तर २५ चौरस मिमीची नवी केबल, टोकं दाबून बसवलेली. वरून व्हॅसलिन. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

तारतंत्र :
‘टक्’साठी १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावा. पुढचे आकडे त्याच्या पिनांचे. बारीक वायर सोलेनॉइडवरून काढून ८६ ला, ८५ बॉडीला, ३० बॅटरी प्लसला ३० अँपिअर फ्यूजमधून, ८७ सोलेनॉइडच्या पिनेवर. वायर ४ चौरस मिमी. फ्यूज बॅटरीजवळच हवा. लांब बसवलात तर मधली वायर बॉडीला घासून जळू शकते. एवढं करून बारीक वायरवर ११ च्या वर येऊनही ‘टक्’च राहिला, तरच सेल्फ उतरवा. आणि तेव्हाही आधी कार्बन ब्रश, बुश आणि सोलेनॉइड बघा, अख्खा सेल्फ नको.