दोन-तृतीयांशपेक्षा दुसरी अट जड

संसदेत दोन-तृतीयांश मतं लागतात म्हणून सर्वोच्च वा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पदावरून दूर करणं अशक्य होतं, असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. राज्यघटनेच्या कलम १२४(४) मध्ये संसदेच्या प्रत्येक सभागृहासाठी दोन अटी आहेत: हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश, आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या प्रस्तावाला लोकसभेत १९६ मतं मिळाली, विरोधात एकही नाही. तरी तो पडला, कारण काँग्रेसचे सदस्य तटस्थ राहिले आणि एकूण संख्येचं बहुमत काही झालं नाही. म्हणजे पक्षाला ‘नाही’ म्हणायचीही गरज नसते, गप्प बसलं की काम भागतं.

आणि हे सगळं शेवटच्या टप्प्याचं. त्याआधी लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात. त्या जमल्या तरी नोटीस दाखल करून घ्यायची की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष वा राज्यसभेचे सभापती ठरवतात. २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रांविरुद्धची नोटीस इथेच फेटाळली गेली. दाखल झालीच, तर १९६८ च्या न्यायाधीश (चौकशी) कायद्याप्रमाणे त्रिसदस्यीय चौकशी समिती: सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, एक कायदेपंडित. माझ्या मते खरी फट मात्र राजीनाम्याची. २०११ मध्ये राज्यसभेने १८९ विरुद्ध १७ मतांनी हटवण्याचा प्रस्ताव मंजूर केल्यावर कोलकाता उच्च न्यायालयाचे न्या. सौमित्र सेन यांनी लोकसभेतल्या मतदानाआधीच राजीनामा दिला, आणि प्रकरण तिथेच थांबलं.