दोन स्ट्रॅट गिटारपैकी कोणती घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, काल कॅम्पातल्या एका दुकानात स्क्वायर कंपनीच्या क्लासिक व्हाइब मालिकेतल्या दोन स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) तासभर वाजवल्या, फिफ्टीज आणि सिक्स्टीज, म्हणजे पन्नास आणि साठच्या दशकांच्या धर्तीवरच्या. दोन्हींची स्केल (तारेची वाजणारी लांबी) 25.5 इंच, तीन-तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग). फिफ्टीजचा फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) मेपल लाकडाचा, सिक्स्टीजचा लॉरेलचा.

मेपलवर बेंड घेताना (तार ओढून स्वर चढवताना) बोट अलगद सरकतं, पण हाताला घाम आला की तेच चिकटायला लागतं. सिक्स्टीजच्या नेक पिकअपवर (मानेजवळच्या) स्वर इतका गोल लागला की गिटार खाली ठेववेना! ब्रिज पिकअपवर (दुसऱ्या टोकाच्या) मात्र फिफ्टीजच आवडली.

हा फरक घरच्या 10 वॅटच्या अ‍ॅम्पवर ऐकू येईल का? की नुसता तारांचा खेळ असेल? फिफ्टीजच्या तारा नव्या होत्या, सिक्स्टीजच्या काळवंडलेल्या. दोन्ही वाजवलेल्यांनी प्लीज सांगा, शनिवारी परत जातोय.