दम्याला कारण ठरणारं बुरशीचं प्रथिन मोहरीविरुद्धचं शस्त्र मानावं का?

लष्करकर:
डिसेंबर-जानेवारीत धुकं धरलं की ग्वाल्हेर-मुरैना पट्ट्यात मोहरीच्या खालच्या पानांवर एकात एक वलयं असलेले तपकिरी ठिपके उमटतात. हा आल्टरनेरिया या बुरशीचा करपा. त्याचीच भावकी असलेल्या आल्टरनेरिया आल्टरनाटाचं 'आल्ट ए १' हे प्रथिन दम्याच्या रुग्णांमुळे डॉक्टरांना चांगलं परिचित आहे. माझ्या मते ते मुळात झाडाविरुद्धचं शस्त्र आहे. २०१४ मध्ये किवीवर झालेल्या प्रयोगात बीजाणू सालीवर ठेवले, तर प्रथिन थेट गरात सापडलं. पीआर-५ म्हणजे झाडाचं स्वतःचं बुरशीविरोधी बचाव-प्रथिन. किवीच्या पीआर-५ला 'आल्ट ए १' चिकटलं आणि त्याचं विकराचं (एन्झाइमचं) काम रोखलं. म्हणून वाण तयार करताना या प्रथिनाला दाद न देणारं पीआर-५ शोधायला हवं.

मुरारवासी:
साफ असहमत. त्याच प्रयोगात सालीवर बुरशीचे तंतू वाढलेच नव्हते, ते तुम्ही गाळलंत. मग लागण कुठे सिद्ध झाली? उलट याच कुळातली एचआरआयपी-१ (आल्टरनेरिया टेनुइसिमाची) आणि पीईव्हीडी-१ (कापसावर मर आणणाऱ्या व्हर्टिसिलियम बुरशीची) ही प्रथिनं तंबाखूच्या पानात टोचली की तिथल्या पेशी मरतात आणि झाडाचा प्रतिकार जागा होतो. झाड ज्याला ओळखून सावध होतं, त्याला शस्त्र कसं म्हणायचं?

लष्करकर:
पीईव्हीडी-१चंच पुढचं काम बघा. ते कापसाच्या पीआर-५ची बुरशीविरोधी ताकद मोडतं, आणि या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेली व्हर्टिसिलियम कमी रोग करते. टोचताना शुद्ध प्रथिनाचा भरपूर डोस एकदम पेशींभोवती जातो. खऱ्या लागणीत बुरशी ते थोडंथोडं सोडते. दोन्ही निरीक्षणं एकाच वेळी खरी असू शकतात.

रोगशास्त्र_मराठी:
कापसाचा पुरावा भक्कम आहे, पण तो मोहरीला जसाच्या तसा लावू नका. मोहरीवर करपा आणणाऱ्या आल्टरनेरिया ब्रासिसीमधून याच कुळातल्या प्रथिनाचं जनुक काढा, मग परत घाला. परत घातल्यावर रोग पूर्ववत झाला नाही, तर जनुक काढताना दुसरंच काही बिघडलं असं समजा. मूळ, जनुक काढलेली आणि जनुक परत घातलेली अशा तिन्ही बुरशींच्या बीजाणूंची संख्या सारखी हवी, पानं ओली ठेवायला हवीत, आणि डागाच्या व्यासासोबत बीजाणूंचं अंकुरणही मोजायला हवं. नाहीतर मुळातच सुस्त वाढणारी बुरशी 'कमी रोगकारक' ठरते.
प्रथिन टोचायचंच असेल तर आणखी दोन फसगती आहेत. यात डायसल्फाइड बंध (प्रथिनाचा आकार धरून ठेवणारे गंधकाचे दुवे) आहेत, त्यामुळे ई. कोलाय या जिवाणूत ते बनवलं तर त्याच्या पेशीद्रवात प्रथिनाची घडी चुकीची पडू शकते. शिवाय 'आल्ट ए १' उष्णतेला टिकतं, म्हणून 'उकळलेलं प्रथिन' हा तुलनेसाठी भरवशाचा नमुना नाही. त्याऐवजी रिकाम्या प्लाझमिडच्या (प्रथिनाचं जनुक न घातलेल्या डीएनए-वर्तुळाच्या) जिवाणू पेशींचा तसाच शुद्ध केलेला अर्क वापरा.

मुरारवासी:
हे पटलं. तरी मोहरीत पुरावा येईपर्यंत पीआर-५ बदलण्यावर पैदासकाराने वर्षं घालवावीत, हे मला अजून मान्य नाही.

लष्करकर:
पैदास थांबू शकते, करपा थांबत नाही. पहिले ठिपके दिसताच मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी हे बुरशीनाशक फवारा, लिटरला २ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूलाही. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी. शेंगांवर डाग पडल्यावर फवारून दाणा वाचत नाही. आणि घरात दमा असेल तर मळणीच्या धुळीत मास्कशिवाय उभं राहू नका.