हाइस्टला मराठीत काय म्हणायचं? आणि सेझारनं केलं ती फितुरी का?

पाणकावळा
मंडळी, मदत हवीये. आमच्या फिल्म क्लबात पुढच्या शनिवारी 'रिफिफी' दाखवतोय, १९५५चा फ्रेंच सिनेमा, दिग्दर्शक जूल्स दासां. मराठी सबटायटल्स मी करतोय आणि दोन ठिकाणी अडकलोय. एक म्हणजे परिचयाच्या पानावर 'हाइस्ट फिल्म' (आखून केलेल्या मोठ्या चोरीचा सिनेमा) असं लिहायचंय, त्याला मराठीत काय म्हणू? 'दरोडापट' लिहिलं तर क्लबातल्या एका काकांनी लगेच खोडलं, म्हणाले दरोडा वेगळा, ही साधी घरफोडी आहे. मला घरफोडी म्हटलं की कपाट उचकटून साडेतीन तोळे नेले अशी बातमी आठवते, आणि इथे तर पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान, वरच्या मजल्यावरून स्लॅबला भोक पाडून आत उतरतात, जवळजवळ अर्धा तास पडद्यावर एक शब्द नाही की संगीत नाही. त्याला घरफोडी म्हणवत नाही हो.
दुसरी अडचण नंतर लिहितो, ती जास्त छळतेय.

खडूफळा
काकांचं बरोबर आहे. दरोड्याला पाच माणसं लागतात. जुन्या भादंविचं कलम ३९१, आता न्याय संहितेत ३१०, पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली जबरी चोरी तो दरोडा. तुमच्या सिनेमात किती आहेत?

पाणकावळा
चार. टोनी, जो, मारिओ आणि सेझार.

खडूफळा
मग दरोडा नाहीच. आता वरच्या घरातल्या लोकांना त्यांनी बांधून ठेवलं का? मी फार वर्षांपूर्वी पाहिलाय, मला वाटतं ठेवतात. तसं असेल तर नुसती घरफोडीही नाही, चोरी करण्यासाठी माणसाला अडवून ठेवलं की जबरी चोरी होते. माझे वडील जिल्हा न्यायालयात कारकून होते, घरात जेवताना हे शब्द चालायचे. चोरी, जबरी चोरी, घरफोडी, दरोडा, चारही वेगळे. पेपरवाले सगळ्याला दरोडा म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं का?

ऊनसावली
हो म्हणायचं. शब्द कोर्टात जन्माला येत नाहीत. 'बँकेवर दरोडा' हे दोघांनी घातला तरी सगळा महाराष्ट्र म्हणतो. आमच्या नागपूरकडे तर डाका पडला म्हणतात, तिथेही कोणी डोकी मोजायला बसत नाही.

शिवार
मराठी पेपरांचा आवडता शब्द विसरलात, 'धाडसी घरफोडी'. मला तो शब्द लहानपणापासून खटकतो. ज्याचं घर फुटलं त्यानं दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचं की चोर धाडसी होते? आमच्या घरी चोरी झाली तेव्हा आईनं तो पेपर घडी न करता तसाच फेकून दिला होता.

ऊनसावली
पण धाडस शब्दच धाडीवरून आलाय ना? धाड घालायची ती पूर्वी लुटारूंनी. आता धाड पोलिसांची पडते, आयकरवाल्यांची पडते. आणि आजी म्हणायची 'तुला काय धाड भरलीये', म्हणजे ते संकटच. शब्दानं पक्ष बदलला म्हणायचा.

खडूफळा
धाड आणि धाडस एकच हे मला पटत नाही, नुसतं कानाला जुळतं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. आधार असेल तर द्या.

लियॉंकर
मी फ्रान्समध्ये राहतो म्हणून दोन पैसे माझे. फ्रेंच बोलीत अशा चोरीला 'कास' म्हणतात, मूळ क्रियापद 'कासे', अर्थ सरळसरळ फोडणे. म्हणजे त्यांचाही शब्द 'फोडी'च आहे, फक्त घर नाही त्यात. तेव्हा पाणकावळा, घरफोडीला इतके नाक मुरडू नका, तो शब्द मूळ भाषेच्या जास्त जवळ आहे.
आणि 'रिफिफी' म्हणजे चोरी नव्हेच. भांडण, मारामारी, हमरीतुमरी. दासांला आधी वाटलं होतं की हे मोरोक्कोतल्या रिफ प्रदेशावरून आलंय, तिथलं युद्ध गाजलं होतं ना १९२० च्या दशकात. पण ते तसं नाही, 'रिफ' हा पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच सैनिकांच्या बोलीतला शब्द, लढाईची जागा अशा अर्थाचा. सिनेमात नाइटक्लबमधली गायिका गाण्यातून अर्थ सांगते ते याच्यासाठीच, फ्रेंच प्रेक्षकालाही तो शब्द समजावून द्यावा लागत होता.

शिवार
मग मराठीत 'राडा'! याहून नेमका शब्द नाही.

माडीवरची
राडा म्हणजे आमच्या कोल्हापूरकडे चिखल हो. पावसाळ्यात गोठ्यापुढे राडा होतो. मारामारीचा राडा मी मुंबईला आल्यावर ऐकला.

शिवार
म्हणूनच तर सुंदर आहे. आणि राडारोडा बघा, बांधकामाचा, पाडकामाचा मलबा. या सिनेमातला सगळ्यात लक्षात राहणारा प्रसंग कोणता? छताला छोटं भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात आणि पडणारा राडारोडा छत्रीत झेलतात, म्हणजे खाली आवाज नको. आधी राडारोडा झेललाय आणि मग चोरांचा आपसात राडा. मी तर नावच 'राडा' ठेवलं असतं.

पाणकावळा
छान आहे पण नाव बदलायचं नाहीये. आता दुसरी अडचण सांगतोच. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका.)
सेझार हा तिजोरी उघडणारा इटालियन, ही भूमिका दासांनं स्वतःच केलीये, दुसऱ्या नावानं. चोरी फत्ते होते आणि हा एक अंगठी चोरून त्या गायिकेला देतो. क्लबचा मालक ग्रुटर ती बघतो, सेझारला पकडतो, तो घाबरून मारिओचं नाव सांगतो. ग्रुटरची माणसं मारिओला आणि त्याच्या बायकोला मारून टाकतात, पण ते दोघं टोनीचा पत्ता देत नाहीत. मग टोनीला सेझार क्लबात बांधलेला सापडतो, कबूल करतो, माफी मागतो. टोनी म्हणतो तू मला आवडायचास, पण नियम तुला ठाऊक आहेत, आणि गोळी घालतो.
परिचयात मी लिहिलं 'सेझारच्या फितुरीमुळे'. बायको म्हणाली ही फितुरी नाही. झालं, दोन दिवस घरात हाच विषय.

खडूफळा
वहिनी बरोबर आहेत. फितूर म्हणजे शत्रूला आपणहून मिळालेला, काहीतरी मिळवायला. कोर्टात साक्षीदार फितूर होतो तो पैसे घेऊन किंवा दबावानं साक्ष फिरवतो.

ऊनसावली
'किंवा दबावानं' असं तुम्हीच लिहिलंत की! मग सेझार बसतो त्यात.

खडूफळा
बसत नाही. साक्षीदार खरं बोलायचं सोडून खोटं बोलतो तेव्हा फितूर. सेझार खरं बोलला. हा उलटा प्रकार आहे. मारून तोंड उघडायला लावलं तर बातमीत काय लिहितात? 'पोलिसी खाक्या दाखवताच साथीदारांची नावे सांगितली.' त्याला कोणी फितुरी म्हणत नाही.

गंगावन
मुळात फितूर अरबी, दगा फारसी, बदला अरबी. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश (फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश) करून घेतला तो कशासाठी, आणि आपण अजून तेच शब्द घोळवतोय. 'विश्वासघात' आहे, 'सूड' आहे. आणि 'सबटायटल' काय, 'उपशीर्षक' लिहा.

ऊनसावली
महाराजांबद्दल बोलायचं तर बखरी उघडा, पानोपानी फितवा आणि फितूर आहे. जो शब्द मराठी माणसानं तीनशे वर्षं शिवीसारखा वापरला तो परका कसा? विश्वासघात माझ्या तोंडून रागात कधी निघालाच नाही, दगा निघतो. सूड मात्र मान्य, बदल्यापेक्षा सूड कितीतरी काळा शब्द आहे. बदला घेऊन माणूस घरी जातो, सूड घेऊन जात नाही.

गंगावन
तीनशे वर्षं वापरला म्हणजे आपला झाला असं असेल तर उद्या हाइस्टही आपला. चित्रपट, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते, आज तुम्ही सगळे ते वापरताय याच धाग्यात. नवा शब्द करायला कष्ट पडतात म्हणून करायचाच नाही हे मला पटत नाही.

शिवार
या कथेला आपल्याकडे आयता वाक्प्रचार आहे, चोरावर मोर. चौघांनी कष्टानं चोरलं आणि ग्रुटर आयत्या बिळात हात घालायला बघतो, जोच्या पोराला पळवून. आता हा मोर कुठला? पक्षी कसा काय चोरावर? मला कोणीतरी सांगितलं होतं की ते म्होरका, मोहरे यातलं 'मोर' आहे, पुढचा. गावाकडे 'म्होरं' म्हणतातच.

माडीवरची
नुसतं यमक असेल. चोर-मोर, लहान मुलांच्या गाण्यासारखं.

लियॉंकर
फितुरीकडे परत येतो. दासांच्या बाबतीत हा प्रश्न नुसता शब्दाचा नाही. तो अमेरिकन, हॉलिवूडमध्ये चांगलं काम करत होता. १९५१ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे एडवर्ड डमिट्रिक या दिग्दर्शकानं साक्ष दिली आणि कम्युनिस्ट म्हणून जी नावं सांगितली त्यात दासां होता. तिथलं काम बंद झालं, युरोपात आला, कित्येक वर्षं सिनेमा मिळाला नाही आणि मग मिळाला तो हा. याच सिनेमासाठी कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. डमिट्रिक आधी स्वतः तुरुंगात जाऊन आला होता, सुरुवातीला त्यानं तोंड उघडलं नव्हतं. आता अशा माणसानं 'नाव सांगणाऱ्या'ची भूमिका स्वतः करायची आणि स्वतःच गोळी खायची, हे मला फार मोठं वाटतं. फ्रेंच बोलीत साथीदाराचं नाव सांगण्याला 'दॉने' म्हणतात, म्हणजे 'देणे'. माणूस देऊन टाकला.

पाणकावळा
'नाव घेतलं' म्हणावं तर आपल्याकडे उखाणा होतो. 'नाव दिलं' हे शाळेत घातल्यासारखं.

माडीवरची
मी एक सांगते, हसू नका. आठवीत असताना आम्ही पाच मावस-चुलत भावंडांनी शेजारच्या मळ्यातले आंबे चोरले. सापडले मी एकटी. राखणदारानं मारलं वगैरे नाही, फक्त हात धरून बांधावर उभं केलं आणि म्हणाला तुझ्या आजोबांना बोलावतो. मी चौघांची नावं सांगितली. पुढची सगळी सुट्टी माझ्याशी कोणी बोललं नाही. मोठा चुलतभाऊ अजून लग्नाकार्यात मला 'फितूर' म्हणून हाक मारतो, मी आता पन्नाशीची आहे, आणि दरवेळी मला ते लागतं. आजी एकटीच वेगळं बोलली, 'पोर फुटली रे, घाबरली'. फुटली. मडकं फुटतं तसं, रडू फुटतं तसं. म्हणून मला वाटतं सेझार फुटला म्हणा, फितूर नका म्हणू.

ऊनसावली
माडीवरची, हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. फुटला, पटलं.

खडूफळा
शब्द खरंच चांगला आहे. पण एक अडचण बघा. फुटला हे आजीचं बोलणं, त्यात माफी आहे. टोनी माफ करत नाही. मारिओ आणि त्याची बायको मेली तरी फुटले नाहीत हे त्याला ठाऊक आहे. टोनीच्या तोंडी 'तू फुटलास' घातलंत तर पुढची गोळी खोटी वाटेल. त्याच्या लेखी हा दगाच.

माडीवरची
पण तो म्हणतो ना, तू मला आवडायचास. म्हणजे त्यालाही माहितीये की हा फुटलाय, आणि तरी मारतो. दगा म्हटलं की मारणं सोपं होतं. मला ते सोपं व्हायला नकोय.

पाणकावळा
परत जाऊन तो प्रसंग चारदा पाहिला. टोनी त्या कृत्याला त्या वाक्यात काही नावच देत नाही. फक्त नियम म्हणतो. तेव्हा सबटायटलमध्ये मी ना दगा लिहितोय ना फुटणं, आहे तेवढंच ठेवतोय. परिचयातलं 'फितुरीमुळे' काढून 'सेझारनं नाव सांगितल्यावर' केलं. बायकोला दाखवलं, ती हो म्हणाली.

शिवार
पण 'नियम'? तुरुंगातून सुटून आलेला चोर नियम म्हणेल? नियम शाळेच्या भिंतीवर असतात. 'रीत' करा.

गंगावन
रीत लग्नाची. 'कायदा' म्हणणार असाल तर आधीच सांगतो, अरबी आहे.

लियॉंकर
फ्रेंचमध्ये साधा नियमच आहे, खेळाचा असतो तोच शब्द.

खडूफळा
आमच्या वडिलांकडे येणारे जुने आरोपी 'धंद्याचं इमान' म्हणायचे. 'इमान तुला ठाऊक आहे.' दोन ओळींत मावतं का बघा.